मोहिद्दीनची जुळवणी

मोहिद्दीन शिकलगारचा दिवस पहाटे तीनला सुरू होई. साखर कारखान्याची पहिली पाळी चारची, आणि इस्लामपुरातल्या त्याच्या घरापासून कारखाना सायकलीवर अर्ध्या तासाच्या अंतरावर. सव्वातीनला उठूनही त्याला वेळेवर पोचता आलं असतं. वरचा वेळ बायकोचा, आबेदाचा. तिचे दोन्ही गुडघे चाळिशीतच गेले. तो पाणी तापवायचा, फडक्याने गुडघे शेकायचा, आणि मग सायकल काढायचा. निवृत्त झाल्यावर पाळी सुटली, तीनचं उठणं सुटलं नाही.

हे मला माहीत आहे कारण मी सत्तावीस वर्षं त्याच्या शेजारी काम केलं. मी आकाराम थोरात. पंप विभागात आम्ही दोघे फिटर. मी त्याच्याआधी दोन वर्षं लागलो. म्हणजे सीनिअर मी. कागदावर.

पंप बसवणं म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. पंपाचा दांडा आणि मोटरचा दांडा एका सरळ रेषेत आणायचे. मध्ये कपलिंग असतं, म्हणजे दोन चकत्या समोरासमोर. त्यांच्यातली फट वर, खाली, डावीकडं, उजवीकडं सारखी भरली पाहिजे. नाही भरली तर मोटरच्या पायाखाली पातळ पत्र्या सरकवायच्या आणि पुन्हा मोजायचं. काम एवढंच. ते मी मन लावून करायचो. एकेका पंपाला दोन-दोन पाळ्या घालवायचो. मोहिद्दीन यायचा, कपलिंगवर तळहात ठेवायचा, एक पत्री काढायचा, दुसरी घालायचा, आणि पंप गप्प व्हायचा. एका गळीत हंगामात मी दीड दिवस झगडलेला पंप त्याने सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदाएवढ्या पत्रीवर शांत केला. लालासाहेब म्हणून आमचे इंजिनिअर होते. त्यांनी फलकावर त्याचं नाव लिहिलं. खाली माझं लिहायला जागा होती.

त्याने बढाई मारली असती तर मला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, "निम्मं काम आकारामनं केलंवतं." ते ऐकून मला आणखी राग आला.

आम्ही एकाच वर्षी निवृत्त झालो. त्यानंतर तीन वर्षांनी, दिवाळीच्या तोंडावर, लालासाहेबांचा मोहिद्दीनला फोन आला. त्यांचा भाचा ऋषिराज साताऱ्याचा. त्याचा कोयनेच्या फुगवट्यावर, बामणोलीच्या अलीकडं, बोटींचा धंदा आहे. त्याच्याकडं दोन वॉटर स्कूटर होत्या. पाण्यावरची मोटारसायकलच ती, खालून पाणी ओढून मागं फेकते आणि पळते. दोन्हींची बॉडी खडकावर आपटून फुटली होती. इंजिन आणि पंप शाबूत. त्याने नव्या बॉड्या मागवल्या, पण कोकणातला मिस्त्री दिवाळी झाल्याशिवाय येत नव्हता, आणि दिवाळीत तर पर्यटक. तेव्हा मामाने एक नाव सुचवलं. एकच.

मोहिद्दीन माझ्याकडं आला. म्हणाला, गाड्या दोन आहेत, फिटर दोन लागतील, मी मालकाला सांगितलंय, तू चल. मी बघतो म्हणालो. तो गेल्यावर साळूबाई आतून म्हणाली, "आवं, बोलावणं त्यांना आलंय. तुमाला वऱ्हाडी म्हनून नेत्यात." माझी बायको अशीच बोलते. मी त्याच दिवशी हत्यारांची पेटी बाहेर काढली.

ऋषिराज तिशीचा पोरगा. सरळ बोलला. एकेकाने एकेक गाडी बसवायची. नंतर ज्याची गाडी चांगली चालेल त्याला तो बारमाही ठेवणार. राहायला खोली, महिन्याला पगार. बोटींचंही काम असतंच.

जेवताना मोहिद्दीनने मला सांगून टाकलं की ही जागा त्याला हवी आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी आबेदाचे दोन्ही गुडघे बदलायला सांगितले होते. ती आता जमिनीवर बसू शकत नव्हती, बसली तर उठू शकत नव्हती. नमाज खुर्चीत. त्याला जमीन नाही. मूल नाही. पेन्शन किराण्यात जाते. दोन वर्षं ही नोकरी टिकली तर दोन गुडघे होतील, असा त्याचा हिशेब.

माझं तसं नव्हतं. मला तीन एकर ऊस आहे. मुलगा पुण्यात कमावतो. मला पैशाची गरज नव्हती हे मी इथेच लिहून ठेवतो. तरी ती जागा मला हवी होती, कारण ती मोहिद्दीनला मिळणार होती.

पत्र्याच्या शेडमध्ये काम सुरू झालं. वॉटर स्कूटरचा पंप बॉडीच्या मागच्या टोकाला बोगद्यासारख्या खाचेत बसतो. त्याच्या आत पंखा. पंख्याचा लांब दांडा बॉडीच्या पोटातून पुढं इंजिनापर्यंत येतो. पंप हलवता येत नाही. जुळवायचं ते इंजिन, त्याच्या चार रबरी पायांखाली पत्र्या घालून. म्हणजे आमचंच काम. फक्त जागा एवढीशी, की हात कोपरापर्यंत घालून आंधळ्यासारखं मोजावं लागतं.

मी पहिल्या दिवशी सागाचे दोन जाड ठोकळे घेतले, एक पुढं, एक मागं. त्यांवर बॉडी ठेवली. स्पिरिट लेव्हल लावली. बुडबुडा मध्यावर येईपर्यंत ठोकळ्यांखाली पाचरी मारल्या. कारखान्यात पंपाचं काम असंच सुरू होतं. आधी पाया, पाया समपातळीत, मग बाकीचं.

मोहिद्दीनने पहिल्या दिवशी काहीच केलं नाही. तीनला उठला, पहाटेची नमाज पढला, उजाडेपर्यंत पाण्याकडं बघत बसला. मग जीपमध्ये बसून मेढ्याला गेला आणि भाताच्या गिरणीतून तुसाची चौदा पोती आणली. ती त्याने शेडमध्ये पसरली, पायाने दाबली, मध्ये खळगा केला आणि त्यात बॉडी ठेवली, कोंबडी अंड्यावर बसावी तशी. लेव्हल पेटीतून काढलीच नाही.

मी हसलो. विचारलं, पंप बसवतोयस का बाळंतिणीची खाट घालतोयस. ऋषिराजही हसला. मोहिद्दीन म्हणाला, "पाणी हिला दोनच जागी धरतं व्हय रं?"

दुसऱ्या दिवशी त्याने मला नीट समजावून सांगितलं. बॉडी फायबरची आहे, लोखंडाची नाही. दोन ठोकळ्यांवर ठेवली की इंजिनाच्या वजनाने पोट खाली येतं. डोळ्यांना दिसत नाही, पण येतं. पाण्यात सोडली की पाणी सगळ्या बुडाला सारखं उचलणार, पोट वर जाणार, जुळवणी मोडणार. "तुझी बी पोत्यावर घिऊया. सात पोती मला पुरत्यात," तो म्हणाला.

बोलणं बरोबर होतं. ते मला तेव्हाच कळलं. पण ते मोहिद्दीनचं होतं. मी म्हणालो, तू तुझं बघ.

चौथ्या दिवशी माझं काम संपलं. फट मोजायच्या फीलर गेजची सर्वांत पातळ पाती चारी बाजूंनी सारखी अडकत होती. पंपाच्या कडेने डिंक भरला, कारण फटीतून हवा आत गेली तर पंखा पाण्याऐवजी हवाच कापतो आणि गाडी नुसती ओरडते. ऋषिराजला बोलावून पाती घालून दाखवली. तो खूश झाला. मोहिद्दीनचं इंजिन तेव्हा त्या दिवसात चौथ्यांदा वर उचललं होतं. ऋषिराज म्हणाला, "शिकलगारकाका, थोरातकाकांचं बघा. असं पाहिजे." त्या जेवणाला मला चव आली.

मोहिद्दीन सहाव्या दिवशी शेवटाला आला. त्याच्या कष्टाबद्दल मी खोटं लिहिणार नाही. एका पत्रीसाठी तो एकशेदहा किलोचं इंजिन साखळीने उचलायचा, पत्री बदलायचा, खाली ठेवायचा, बोल्ट कसायचा, मोजायचा आणि पुन्हा उचलायचा. दिवसात नऊ वेळा उचललेलं मी मोजलं. कोपराची कातडी गेली होती. दुपारच्या उन्हात मोजायचा नाही, फायबर तापून फुगतं म्हणायचा. सकाळी मोजलेलं संध्याकाळी पुन्हा मोजायचा.

त्या संध्याकाळी पंपाच्या कडेने डिंक भरण्यापूर्वी त्याने पाणी ओढायच्या तोंडात फडक्याचा बोळा घातला, डिंकाचा थेंब पंख्यावर पडू नये म्हणून. कारखान्यातला नियमच तो. उघडं तोंड बोळ्याशिवाय सोडायचं नाही, आणि बोळ्याची शेपटी बाहेर लोंबती ठेवायची. त्याने ठेवली होती. डिंक भरून झाला आणि ऋषिराजचा माणूस पळत आला. इस्लामपूरहून फोन होता. शेडमध्ये रेंज नसते, म्हणून मोहिद्दीन हात पुसत टेकडीवर गेला.

अर्ध्या तासाने आला. शेजारच्या रुमानाचा फोन होता. आबेदा न्हाणीत घसरली होती. लागलं नव्हतं, पण उठता येईना म्हणून दीड तास ओल्या फरशीवर बसून होती. रुमाना कामावरून आली तेव्हा हाक ऐकू आली. हे सांगताना तो पान्हा हातात घेऊन उभा होता. मग वाकला, पंपाच्या तोंडावरची लोखंडी जाळी चार बोल्टने बसवली आणि हात धुवायला गेला.

मी त्याच्या गाडीजवळ गेलो ते बोळ्यासाठी नाही. मला त्याचं कपलिंग मोजायचं होतं. सहा दिवस घालवून याने माझ्यापेक्षा वेगळं काय केलं, ते हाताने बघायचं होतं. माझी पाती घातली. वर, खाली, दोन्ही बाजूंना. सगळीकडं सारखी. मग मी ते केलं जे माझ्या गाडीत केलं नव्हतं. बॉडीच्या टोकावर पोटाने रेललो, सगळं वजन टाकलं, आणि तसंच हात लांब करून पुन्हा मोजलं. पाती तशीच अडकली. फरक नाही.

मी उठलो आणि माझ्या गाडीवर तसाच रेललो. पाती खालच्या बाजूला आत घुसली. वर जाईना.

सगळं कळलं. रात्र हाताशी होती, पोती मागता आली असती. मी मागितली नाहीत. परत मोहिद्दीनच्या गाडीकडं गेलो, निदान डिंक तरी कुठं कच्चा भरलाय का बघायला. पोत्यांच्या मधल्या फटीत आडवा झालो आणि बॅटरी मारली. जाळीच्या आत फडकं दिसलं. शेपटी जाळीखाली दुमडून गेली होती. बोळा आतच.

मोहिद्दीन टॉवेलने तोंड पुसत आला. "काय बघतुयास?"

मी म्हणालो, डिंक चांगला भरलायस.

सकाळी दहाला दोन्ही गाड्या पाण्यात सोडल्या. ऋषिराज, त्याचे दोन बोटवाले, आणि काठावर बामणोलीची पाचसहा माणसं. माझी गाडी आधी. ऋषिराज स्वतः बसला. पहिला वळसा चांगला गेला, लोक शिट्ट्या मारायला लागले. दुसऱ्या वळशाला मला आवाजात खरखर ऐकू आली. तिसऱ्याला गाडीचं हँडल त्याच्या हातात थरथरताना काठावरून दिसत होतं. तो हळू परत आला. सीट उचलली तर कपलिंगमधल्या रबराचा जळका वास.

"काय झालं काका?" त्याने विचारलं. मी म्हणालो, रबर जुनं असेल. मोहिद्दीनने माझ्याकडं बघितलं.

मग त्याची गाडी. तो म्हणाला, आधी मी बघतो. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो पाण्यात उतरला आणि गाडीवर बसला. माझ्या तोंडात एक वाक्य होतं. ते बोलायला दोन सेकंद लागले असते. त्याने बटण दाबलं. इंजिन चढलं, ओरडलं. गाडी हलली नाही.

या गाडीत इंजिन थंड करणारं पाणीही पंपच पुरवतो. पाणी येतंय याची खूण म्हणून बाजूच्या भोकातून एक बारीक धार पडते. मोहिद्दीनची नजर त्या भोकावर होती. धार पडली नाही. त्याने लगेच इंजिन बंद केलं, म्हणून ते वाचलं. गाडी ओढून काठाला आणली, कलंडवली, जाळी सोडली, आणि पंख्याला गुंडाळलेलं फडकं ओढून काढलं.

त्याने ते पाण्यात धुतलं, पिळलं आणि खांद्यावर टाकलं. "बोळा माजाच हाय. ऱ्हायला," तो ऋषिराजला म्हणाला.

ऋषिराजचा चेहरा बदलला होता. त्याचंही चूक नव्हतं. दिवाळीला पाच दिवस होते. तो म्हणाला की एकाचं कपलिंग जळलं, एकाच्या पंपात चिंधी, उद्या यावर लोकांची पोरं बसणार आहेत. मोहिद्दीन म्हणाला, एकदा परत लावून बघू या. ऋषिराज म्हणाला नको, इंजिन गेलं तर मी काय करू. दोघांना गाडीभाडं देऊन सोडतो, कोकणातल्या मिस्त्रीच्या पाया पडतो. आणि मग म्हणाला, "तुम्ही दोघं सारखेच निघालात. साखर कारखान्याचं काम वेगळं, हे वेगळं. जुळवणी तुम्हाला येत नाही."

मोहिद्दीनने मान खाली घातली. त्याने ते मान्य केलं असावं. मला वाटतं त्या क्षणी तो जुळवणीचा विचारच करत नव्हता, ओल्या फरशीचा करत होता.

पण मी सत्तावीस वर्षं त्याच्यावर जळलो ते त्याच्या जुळवणीवर. ती येत नाही म्हणणारं हे पोर कोण? ती मी मोजली होती. माझ्या पातीने.

"त्याची जुळवणी बरोबर हाय," मी म्हणालो. "माजी चुकलीय. रबर नवंच हाय."

"तुम्हाला काय माहीत?"

"काल सांजच्याला मोजली मी. त्याला न सांगता. गाडीवर वजन टाकून मोजली. केसाचा फरक न्हाई."

ऋषिराज माझ्याकडं बघत राहिला. मी पुढचंही बोललो, कारण अर्धं काम सोडायची मला सवय नाही. म्हणालो की मी खाली वाकून बघितलं तेव्हा बोळा दिसला होता. सांगितलं नाही.

एक बोटवाला दुसरीकडं बघायला लागला. मोहिद्दीनने खांद्यावरचं फडकं काढून हातात घेतलं.

"काल?" त्याने विचारलं.

"व्हय."

"फोन आल्यावर?"

"व्हय."

त्याने फडक्याची घडी घातली. आणखी एक घडी. "मग काल सांगायचं हुतंस, आकाराम," एवढंच म्हणाला.

तो जाळी बसवायला खाली बसला. चार बोल्ट. या वेळी प्रत्येक बोल्टनंतर तोंडात बोट घालून बघितलं. मग गाडी पाण्यात ढकलली, बसला, बटण दाबलं. बारीक धार पडली. इंजिन चढलं आणि गाडी निघाली. तो पाच वेळा जाऊन आला. शेवटी ऋषिराजला दिली. ऋषिराज पार समोरच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेला. परत आला तेव्हा मी सीट उचलून कपलिंगला हात लावला. गार होतं. मी हात लावताना मोहिद्दीनने बघितलं.

ऋषिराजने त्याला ठेवून घेतलं. मला दुपारच्या बसने साताऱ्याला पाठवलं. बरोबरच होतं. मी निघालो तेव्हा मोहिद्दीन माझी गाडी सात पोत्यांवर घेत होता. ती त्याने दोन दिवसांत जुळवली, असं नंतर कळलं. मला चार लागले होते, आणि चुकले होते.

घरी साळूबाईला मी सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं मी भांडून आलोय. ऐकून ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "बोललात ते बरं केलंत. पर एक रात उशिरा बोललात." त्यानंतर तिने हा विषय काढला नाही. तिचं एवढं बोलणं पुरतं.

मोहिद्दीन दोन वर्षं तिथं राहिला. दोन दिवाळ्या, दोन उन्हाळे. महिन्यातून एकदा घरी यायचा. तेवढ्या काळात आबेदाला बघायला रुमाना सकाळ-संध्याकाळ यायची, आणि आठवड्यातून दोनदा साळूबाई. मला तिने येता का विचारलं नाही. मी तिला इस्लामपूरच्या एस.टी.चं तिकीट काढून द्यायचो.

तो मला भेटायला आला नाही. रस्त्यात भेटला तर बोलायचा. पाऊसपाणी, उसाचा दर. पहिल्यासारखं बोलायचा, पण कामाचं कधी बोलला नाही. पूर्वी मला एखादं बेअरिंग, एखादी नवी पाती मुद्दाम दाखवायचा. ते बंद झालं. एवढंच माझं गेलं, आणि ते मोठं होतं.

लोक म्हणतात वय झालं की हेवा जातो. माझा गेला नाही. तो बामणोलीला असताना मी उसाला पाणी देणाऱ्या माझ्या मोटरीची जुळवणी तीनदा सोडून केली. शेवटी खाली तुसाचं पोतं घातलं. काँक्रीटच्या पायावर त्याचा काही उपयोग नाही, हे मला माहीत होतं. तरी घातलं.

यंदा उन्हाळ्यात साळूबाईबरोबर मी मिरजेला गेलो. दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मोहिद्दीन स्टुलावर बसला होता. पहाटे तीनपासून जागा, नर्स म्हणाली. आबेदा पलंगावर. डाव्या पायाला पट्टी. मला बघून मोहिद्दीनने स्टूल सोडलं आणि मला दिलं.

दुपारी फिजिओथेरपीवाली मुलगी आली. तिने आबेदाला वॉकर धरायला लावला. आबेदा उठली, डावा पाय टेकवायला घाबरली, मग टेकवला. मोहिद्दीन तिच्या मागं उभा होता, हात पुढं करून, पण लावत नव्हता. ती दारापर्यंत गेली, वळली, परत आली. सोळा पावलं. मी मोजली. उजवा गुडघा मागच्या वर्षीचा, डावा या वर्षीचा. दोन्ही गुडघे वॉटर स्कूटरच्या पगाराचे.